फोटो मीच हलवते

आमच्या स्टुडिओत आलेल्या माणसाच्या कानावर पहिला शब्द पडायचा तो "हलू नका." मग "हनुवटी खाली." मग "झालं, परवा घेऊन जा." एवढ्यावर आमचं घर चाललं.

मी चौथी शिकलेली. तालुक्याच्या गावी नवऱ्याचं फोटोचं दुकान होतं आणि त्यात मी शिरले ती बायकांमुळे. लग्नाच्या मुलीचा उभा फोटो काढायचा, तर तिचा पदर सारखा करायला, मान वळवायला पुरुषाचा हात कसा चालणार? आधी मी नुसता पदर सारखा करायचे. मग दिवे पुढेमागे करायला लागले. एकदा नवरा तापाने पडला तेव्हा कॅमेरा हातात घेतला आणि नंतर त्याने मागितला नाही, मी दिला नाही. मुलीला प्लास्टिकच्या फुलदाणीशेजारी उभी करायची. एक हात फुलदाणीवर, एक पाऊल किंचित पुढे. पावलं फोटोत यायलाच हवीत. पावलं कापली तर मुलाकडचे म्हणणार, पायात काहीतरी दोष असेल म्हणून कापली. त्या फोटोंवर लग्नं जमली, काही मोडलीही असतील. ते बघणं माझं काम नव्हतं. फोटो हलता कामा नये, हे माझं काम.

नवरा गेल्यावर काही वर्षं मी एकटीने दुकान चालवलं. मग लोक फोनवरच फोटो काढायला लागले. दुकान बंद केलं, पाटी भंगारवाल्याला दिली, शेवटचा डिजिटल कॅमेरा तेवढा बरोबर घेतला आणि मुलीकडे आले. मुलगी आणि जावई दोघंही इंजिनिअर, जर्मनीत झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कामात. दिवसभर घरात मी आणि डिशवॉशर.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे फोटो मी पहिल्याच वर्षी काढले आणि ते काम माझ्याकडेच राहिलं. आरतीचं ताट धरलेली जोडपी, मोदकासाठी रांगेत उभी पोरं, आणि शेवटी सगळ्या मंडळाचा मोठा फोटो. मुलं खाली मांडी घालून, बायका खुर्च्यांवर, पुरुष मागे. मला इथली भाषा येत नाही, गाडी चालवता येत नाही, दुकानात गेले तर जावयाला फोन लावून द्यावा लागतो. पण त्या हॉलमध्ये मी "डावीकडे सरका" म्हटलं की मोठमोठे मॅनेजरसुद्धा डावीकडे सरकायचे. वर्षातले तेवढे दिवस मी कोणाची सासू नव्हते. हे काम मला हवं होतं, आणि ते माझ्याकडून जवळजवळ गेलं, त्याची ही हकिकत आहे.

आमच्या इमारतीत जिना पुसायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात, पाटी अडकली की आठवडाभर जिना त्याचा. केअरवोखे म्हणतात त्याला. मुलीला वेळ नसतो, म्हणून तिची पाळी मी करते. वरच्या मजल्यावर एक जर्मन बाई एकटी राहते, साधारण माझ्याच वयाची, उंच, पाठीत जराशी वाकलेली. तिने जिन्याच्या भिंतीवर स्वतः काढलेले फोटो लावलेत. त्यातला एक मी पुसता पुसता नीट पाहिला. झाडं होती बहुतेक. पांढरी खोडं, पण ओल्या रंगावरून कुणी वरपासून खालपर्यंत बोटं ओढल्यासारखी. फोटो हलला होता. थोडाथोडका नाही, पुरता हलला होता. आमच्याकडे असला फोटो गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत फाडून टाकायचो. हिने काच लावून टांगला होता.

तेवढ्यात बाईच खाली आली. मी फोटोकडे बोट दाखवलं आणि हात थरथरवून खूण केली, हलला म्हणून. मला वाटलं वरमेल. ती खूश झाली.

"गेनाऊ!" म्हणाली. हा शब्द मला कळतो. अगदी बरोबर, असं.

मग तिने हातातल्या पिशवीचाच कॅमेरा केला, डोळ्यासमोर धरला आणि वरून खाली सर्रकन ओढला. मी बघतच राहिले म्हणून पुन्हा ओढून दाखवला. मुद्दाम हलवला होता.

मी बादली उचलून घरात आले. मला राग आला होता. फोटो टाकाऊ असता तर मी हसले असते आणि विसरले असते. तो टाकाऊ नव्हता. त्यातली झाडं उभ्या उभ्या वाढत असल्यासारखी दिसत होती, आणि असं कसं काढायचं ते मला येत नव्हतं. मला पुष्कळ गोष्टी येत नाहीत, त्याचं मला काही नाही. पण फोटोतली एक गोष्ट समोरच्या बाईला येते आणि मला येत नाही, हे मला चालेना. भाजी निवडताना डोक्यात तेच. इतकी वर्षं मी काय काढलं? माणसं बदलली, फुलदाणी तीच. सरळ बोलायचं तर मी जन्मभर एकच फोटो काढत आले होते.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून मी तिची बेल वाजवली.

दर बुधवारी ती बसने जंगलात जाते. मी तिच्याबरोबर जायला लागले. बोलणं असं काही नव्हतं. ती जर्मन बोलायची, मी मराठी, आणि काम अडलं नाही. शटर आणि अपर्चर दोघींनाही कळत होतं. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं, छिद्र बारीक करायचं, आणि शटर उघडं असताना कॅमेरा ओढायचा. ऐकायला सोपं. माझे पहिले फोटो म्हणजे पिठलं. हिरवं पिठलं, तपकिरी पिठलं, एकात पिठल्यात गुठळ्या.

अडचण कॅमेऱ्याची नव्हती, माझ्या अंगाची होती. बटणावर बोट गेलं की माझी कोपरं आपोआप बरगड्यांना चिकटायची, श्वास थांबायचा, गुडघे घट्ट व्हायचे. इतक्या वर्षांची सवय. मी मनात म्हणायचे हलव, आणि हात म्हणायचा गप्प बस. शेवटी धसमुसळेपणाने हिसका बसायचा आणि पिठलं व्हायचं. जर्मन बाई माझ्या कोपराला टिचकी मारायची आणि हसायची. मी तिला मराठीत शिव्या द्यायचे. तिला कळायच्या नाहीत, पण चालीवरून अंदाज आला असावा, कारण एकदा तिनेही जर्मनमध्ये काहीतरी सुनावलं.

मग एका बुधवारी मला डार्करूमची आठवण झाली. आमच्या सबंध दुकानात मुद्दाम हलवायची अशी एकच गोष्ट होती, डेव्हलपरचा ट्रे. कागद औषधात टाकला की ट्रे एका कडेने हळूच उचलायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. थांबलं की डाग पडतात, जोर केला की औषध सांडतं. ती हालचाल मनगटात होती. मी तीच चाल धरली. आधी मनगट चालू करायचं, ते चालू असताना बटण दाबायचं, आणि बटण सुटल्यावरही थांबायचं नाही. त्या दिवशीच्या शेवटच्या फोटोत खोडं आली. पिठल्यातून वर आली, सरळ, आणि त्यांच्यामधून प्रकाश खाली ओतल्यासारखा. बाईने पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. थर्मासमधली कॉफी आधी मला ओतली.

झाडं जमली म्हणून मी माणसांकडे वळले. बाजारचौकात उभी राहून येणारीजाणारी माणसं ओढायला लागले. एक म्हातारा तावातावाने आला. इथे कोणाचा फोटो न विचारता काढलेला चालत नाही, हे मला ठाऊक होतं. मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने स्वतःला शोधलं. वर शोधलं, खाली शोधलं, बायकोला बोलावलं, तिनेही शोधलं. त्याचा निळा कोट एक लांब पट्टा होऊन फोटोभर पसरला होता. आता त्याची तक्रार बदलली होती. मी यात दिसत का नाही, असं तो विचारत होता बहुधा. मी कॅमेरा काढून घेतला आणि पुढे गेले.

इथपर्यंत घरी कोणाला पत्ता नव्हता. मी बुधवारी फिरायला जाते एवढंच त्यांना माहीत. मग गणपतीच्या आधी मंडळाच्या ढोलाचा सराव सुरू झाला. दरवर्षी त्याचे दोन-चार फोटो मी ग्रुपवर टाकते. यंदा मी ते नव्या तऱ्हेने काढले. टिपरू ढोलावर पडतं तेव्हा कॅमेरा बरोबर खाली आणायचा. त्यातला एक असा आला की ढोल फुटून त्यातून भगवं काहीतरी बाहेर पडतंय. कॉम्प्युटरचं मला काही येत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्याचा फोनने फोटो काढून ग्रुपवर टाकला.

तासाभरात उत्तरं आली. "काकू, काळजी घ्या." "काकू, तब्येत बरी ना?" हात जोडलेली चित्रं. एकीने अश्वगंधा सुचवली. एकाने लिहिलं, "माझ्या सासऱ्यांचीही अशीच सुरुवात झाली होती."

मुलगी ऑफिसातून आली ती बूट न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, हे काय पाठवलंयस?"

"फोटो."

"हे फोटो आहेत?"

"ढोलाचे आहेत."

"ढोल कुठे दिसतायत?"

"वाजतायत ते दिसतंय ना?"

"आई, थट्टा करू नकोस. हात कधीपासून थरथरतोय?"

"थरथरत नाही. मी हलवते."

ती जावयाकडे बघायला लागली, जावई जमिनीकडे. मला कळलं की दोघांचं माझ्या मागे बोलून झालंय.

त्या दिवसापासून घराची रीत बदलली. मला चहा अर्धा कप यायला लागला. भाजी चिरायला घ्यावी तर सुरी जागेवर नाही, आणि फ्रीजरमध्ये चिरलेल्या भाजीची पाकिटं. जावई माणूस भला आहे. पण मी जिना उतरायला लागले की तो एक पायरी खाली उभा राहायचा, मी पडले तर झेलायला. मी म्हटलं, "अहो, मी पडले तर तुम्हाला घेऊन पडेन. बाजूला व्हा."

"आई, तसं नाही," तो म्हणाला. "आम्ही कंपवाताबद्दल वाचलंय ना. सुरुवातीला ज्याचं त्याला कळत नाही."

"म्हणजे मला काही झालंय. आणि मला काही वाटत नाही, हा त्याचा पुरावा?"

"तसं नाही..."

"तसंच आहे."

त्या शनिवारी मंडळाची मीटिंग आमच्याकडे होती. अध्यक्ष स्टुटगार्टहून आले. पोह्यांची बशी हातात घेऊन माझ्याशेजारी बसले आणि लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात बोलायला लागले.

"काकू, यंदा तुम्ही आराम करायचा. इतकी वर्षं सेवा केलीत."

"सेवा नाही, फोटो काढले."

"तेच हो. यंदा एक मुलगा आलाय पुण्याचा, इथे पीएचडी करतो. कॅमेराही भारी आहे त्याच्याकडे. तुम्ही आपलं पुढच्या रांगेत बसून दर्शन घ्यायचं, आरती घ्यायची. तुमची खुर्ची आत्ताच ठरवून ठेवलीय."

"खुर्चीत बसवून हार पण घालणार का?"

त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलीने माझ्याकडे डोळे वटारले. मी स्वयंपाकघरात गेले. आतून मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. ती माझ्या वतीने माफी मागत होती.

सगळे गेल्यावर भांडण झालं. व्हायचं तसं झालं, त्यात फोटो सोडून बाकीही सगळं निघालं. शेवटी मुलगी म्हणाली, "न्यूरोलॉजिस्टची वेळ, टेर्मीन, मिळालीय. मुश्किलीने मिळालीय. तू येणार आहेस."

"येते. पण एक ठरवून. डॉक्टरने हात ठीक आहे म्हटलं, तर गणपतीचे फोटो मी काढणार. मला हवे तसे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तुझ्या खुर्चीत बसेन."

"या, ठरलं," ती म्हणाली. तिचं हे 'या' म्हणजे जर्मन होकार. इतकी वर्षं झाली तरी मला दर वेळी वाटतं ती मला पाहुण्यासारखी आत बोलावतेय.

डॉक्टर तरुण बाई होती. जावई दुभाषा म्हणून आत आला, मुलगी बाहेर थांबली. तिने मला दोन्ही हात पुढे धरायला लावले, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं, एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. मग कागद दिला आणि मधून सुरू करून बाहेर येत जाणारं वेटोळं काढायला सांगितलं. मी उजव्या हाताने जिलबी काढली. ती म्हणाली, आता डाव्याने. डाव्या हाताची जिलबी कडेला जरा दातेरी आली. तिने ती उजेडाकडे धरून पाहिली. मग चालून दाखवा म्हणाली, चालले. मनगटं धरून वाकवली, सोडली. मग जावयाशी बोलत बसली. मला सांगताना तो "आल्झो", म्हणजे आपलं "तर", म्हणून सुरुवात करायचा आणि थांबायचा.

"काय म्हणतेय?"

"आजार नाही म्हणते. तुम्हाला वाटतो तो नाही."

"मला नव्हता वाटत. तुम्हाला वाटत होता. पुढे?"

"डाव्या हाताला थोडी थरथर आहे. वयाने येते. औषधाची आत्ता गरज नाही. वाढेल किंवा वाढणार नाही, सांगता येत नाही."

ही काही मला हवी होती तशी बातमी नव्हती. मी डावा हात मांडीवर ठेवला आणि पाहिला. काही दिसत नव्हतं. पुढे धरला तर दिसत होतं, बारीकसं, पाण्याचं पातेलं तापायला लागल्यावर वर दिसतं तेवढं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पार्किंगपर्यंत वाटलं. मग मुलगी बोलायला लागली आणि ते राहिलं.

"म्हणजे हलतो," ती गाडी सुरू करता करता म्हणाली.

"डावा हलतो."

"कॅमेरा दोन्ही हातांनी धरतेस ना?"

"आजार नाही म्हणाली."

"हात ठीक आहे असंही नाही म्हणाली. आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं ते दोन्ही बाजूंनी फसलं. आता मी काढणार. त्या पुण्याच्या मुलाला स्टेजवरचे काढू दे. मी माझे काढते."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी म्हणून झालंय. अश्वगंधासुद्धा सुचवून झाली."

जावई मागच्या सीटवर होता. तो हसला आणि मग खोकल्याचं नाटक केलं.

गणपतीला मी कॅमेरा गळ्यात घालूनच हॉलमध्ये गेले. पीएचडीवाला मुलगा नम्र होता, पाया पडला. त्याने दिवे लावले होते, लोकांना ओळीत उभं करत होता, चांगलं करत होता. मी त्याच्या वाटेला गेले नाही. पुढच्या रांगेत माझी खुर्ची होती, तिच्यावर माझी पर्स ठेवली.

आरती झाली, जेवणं झाली, आणि बायकांनी फुगड्या सुरू केल्या. मला हेच हवं होतं. मी खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले.

"अहो काकू, धक्का लागेल, बसा," अध्यक्ष म्हणाले.

"मावशी, फोटो हलेल हो," एकजणी म्हणाली.

"हलणारच," मी म्हणाले. "तू गरगरा फिरणार आणि फोटोत खांबासारखी उभी पाहिजेस?"

दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, "काकू, मग माझा काढा, माझं पोट नाही दिसणार!" मग जास्त हसल्या. मी अर्धा सेकंद ठेवला आणि त्यांच्या फेऱ्याबरोबर कॅमेरा फिरवायला लागले. पहिले काही गेले. माणसं झाडांसारखी उभी राहत नाहीत. त्यांच्या वेगाने आपल्याला फिरावं लागतं, आणि माझे गुडघे आता त्या वेगाचे नाहीत. मी फिरले. एकदा तोल गेला, खुर्ची धरली, जावई पुढे झाला, त्याला हाताने थांबवलं.

मग मुलगी उतरली. तिच्या मैत्रिणीने ओढली तिला. नको नको म्हणत पदर खोचला, हात धरले आणि मागे झुकली. ती ऑफिसात कशी असते मला माहीत नाही, घरात कायम घाईत असते. तशी झुकलेली मी तिला फार दिवसांत पाहिली नव्हती. मी मनगट चालू केलं आणि बटण दाबलं.

फोटोत दोन रंगांचं एक चाक आलं. एक मोरपंखी, एक लाल. मधे, जिथे हात धरले होते, तिथे मात्र सगळं जागच्या जागी होतं. बोटं, हिरव्या बांगड्या, एक अंगठी. बाकी सगळं फिरत होतं.

घामेजलेली ती माझ्याकडे आली. मी दाखवला.

"ही कोण?" ती म्हणाली.

"तू."

"चेहरा कुठाय?"

"चेहरा तुझ्याकडे आहे. फोटोत कशाला पाहिजे?"

तिने कॅमेरा हातात घेतला. बोटांनी फोटो मोठा करायला गेली, तो जुना पडदा, त्याला बोटाने काही होत नाही. पुष्कळ वेळ बघत होती. तिच्या मैत्रिणीने मधे मान घातली, म्हणाली, "अय्या, माझ्या बांगड्या!" मग अजून दोघी आल्या. कोणी टाळ्या बिळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हणाली, "छान आहे, पण काकू, ह्याचाच एक साधा काढा ना, आईला पाठवायला." मी म्हटलं, साधा त्या मुलाकडून काढून घे.

विसर्जनानंतर हॉल झाडताना अध्यक्ष माझ्याकडे आले. या वेळी पोहे नव्हते आणि आवाजही नेहमीचा होता.

"काकू, तुमचा तो फुगडीचा फोटो पाहिला. मला काही त्यातलं कळत नाही. पण हाताला काही झालेलं नाही हे कळलं. माझं चुकलं."

"बरं."

"पुढच्या वर्षी काम पुन्हा तुम्हीच घ्या. तो मुलगा काय, शिक्षण झालं की जाईल. फक्त एवढंच, की साधे काढा. लोकांना घरी पाठवायचे असतात. चेहरे दिसले पाहिजेत."

मला पाहिजे होतं ते हाच माणूस परत करत होता. हॉल, "डावीकडे सरका," सगळं. मी विचार केला नाही असं नाही. झाडू हातात धरून चांगला विचार केला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. लोकांना चेहरे लागतात, मी जन्मभर तेच विकले.

"नको," मी म्हणाले.

"अहो काकू, रागावू नका."

"राग नाही. साधे त्याला काढू द्या, तो गेला तर दुसरा येईल. मी फुगड्यांच्या वेळी येईन, माझे काढीन. कोणाला हवे तर घ्या, नको तर नका घेऊ. काम म्हणून नको."

घरी येताना जावई सामान आवरायला मागे राहिला, गाडीत आम्ही दोघीच होतो. मुलगी चिडली होती.

"एवढा तमाशा केलास त्या कामासाठी, आणि देत होते तर नको म्हणालीस. तुला हवं तरी काय असतं?"

"ते देत होते ते मला येतं."

"म्हणून?"

"म्हणून नको."

रस्ता रिकामा होता, तरी सिग्नलला ती थांबली. दिवा हिरवा झाला तरी गाडी हलवली नाही.

"आई, एक खरं सांगशील? त्या फोटोत तू किती हलवलंस आणि हात किती हलला?"

खोटं बोलणं सोपं होतं. सगळं मीच हलवलं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, आणि माझीही बाजू वर राहिली असती.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. डावा हात कॅमेऱ्याच्या खाली असतो. तो तिथे काय करतो ते मी बघायला जात नाही."

"आणि वाढलं तर?"

"वाढलं तर तो हात धरून काय काढता येतं ते बघेन. तुमच्यासारखी फ्रीजरमध्ये भाजी चिरून ठेवणार नाही."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने गाडी पुढे घेतली. गाडी लावल्यावर ती म्हणाली, "तो फोटो मला दे. ग्रुपवर टाकशील तसला नको, खरा, मोठा."

"कॅमेऱ्यात आहे, काढून घे. मला ते कॉम्प्युटरचं येत नाही."

"मग शिक ना आता तेही."

"शिकेन," मी म्हणाले. "आधी हे पुरतं शिकू दे."